गरोदर बाईचं जास्त वजन आणि पोटातलं बाळ : काय होतं, काय टाळता येतं

सुनेला दिवस गेल्याचं कळलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आता दोन जिवांचं खायचं." मग सकाळी तुपातला शिरा, दुपारी ताटात दोन घास आग्रहाचे, संध्याकाळी आत्याबाईंनी पाठवलेले पेढे. वर "वाकू नको, पाण्याला जाऊ नको, बसून राहा" हेही आलंच. हे सगळं मायेपोटीच होतं. आपल्याकडे कित्येक पिढ्या बायका अर्धपोटी राबून बाळंत झाल्या. त्या सासवांना आज सुनेला पोटभर खाऊ घालावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही.

पण परिस्थिती बदलली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २०.८ टक्के बायकांचं वजन उंचीच्या मानाने कमी आढळलं, तर २३.४ टक्के बायकांचं जास्त. म्हणजे वजन जास्त असलेल्या बायका आता कमी वजनाच्या बायकांपेक्षा संख्येने पुढे गेल्या आहेत. शहरात हे प्रमाण जास्त आहे हे खरं, पण गावंही सुटलेली नाहीत. खुरपणीला जाणारी बाई आता दुकान सांभाळते, दळण गाडीवर जातं, घरात पाम तेलाचा डबा येतो, आणि दिवसातून चार वेळा साखरेचा चहा त्याच्या जोडीला बिस्किटाचा पुडा. कुपोषणाबद्दल आपण खूप ऐकलंय. आईच्या जास्त वजनाचा बाळावर काय परिणाम होतो, याबद्दल मात्र गावात फारसं कोणी बोलत नाही. उलट "अंगाने भरली, बाळ चांगलं गुटगुटीत होणार" असंच म्हणतात.

किती वजन म्हणजे जास्त?

डोळ्यांनी बघून हे ठरत नाही. वजन किलोमध्ये घ्यायचं, उंची मीटरमध्ये घ्यायची आणि वजनाला उंचीने दोनदा भागायचं. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. जगभरात २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीय डॉक्टरांनी आपल्या लोकांसाठी ही रेघ खाली आणली आहे : २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. असं का, ते पुढे येईलच.

हिशेब करायचा कंटाळा येत असेल तर सोपं उदाहरण घ्या. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन साधारण ४३ ते ५३ किलो असेल तर ठीक. ५८ च्या पुढे गेलं तर ती आपल्या मापाने लठ्ठपणात येते. पाच फूट दोन इंच उंची असेल तर हेच आकडे ४६ ते ५७, आणि लठ्ठपणा ६२ च्या पुढे. हे वजन गरोदर राहण्याआधीचं किंवा पहिल्या तीन महिन्यांतलं धरायचं. सातव्या महिन्यातलं वजन घेऊन हा हिशेब करू नका, तो चुकेल. म्हणूनच उपकेंद्रात नाव लवकर नोंदवायचं, पहिल्याच भेटीत उंची आणि वजन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यायचं. कार्डावर उंचीचा रकाना कोरा असेल तर नर्सताईंना आठवण करून द्या.

पोटात नेमकं काय होतं

मुख्य खेळ साखरेचा आहे. गरोदरपणात वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, असे रस निघतात की आईच्या अंगात इन्सुलिनचा जोर कमी पडतो. निरोगी बाईचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करून ते भागवतं. अंगावर चरबी जास्त असेल तर इन्सुलिनचा जोर आधीच कमी झालेला असतो. अशा बाईला गरोदरपणात भागवणं जमत नाही आणि रक्तातली साखर चढते. याला गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. बहुतेक वेळा कसलाही त्रास जाणवत नाही. चक्कर नाही, दुखणं नाही. तपासल्याशिवाय कळतच नाही.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. त्यामुळे एवढी साखर जिरवायला बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडू लागतं. हे इन्सुलिन साखरेची चरबी करून बाळाच्या अंगावर, विशेषतः खांदे आणि पोटावर, चढवतं. नववा महिना भरतो तेव्हा बाळ मोठं झालेलं असतं. डोकं बाहेर येतं आणि खांदे अडकतात. हाताची नस ताणली जाते, हाड मोडतं, कधी बाळ गुदमरतं. आईला सिझर लागण्याची शक्यताही वाढते.

नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते, पण बाळाचं इन्सुलिन अजून जोरात चालू असतं. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बाळ सुस्त पडतं, थरथरतं, दूध ओढत नाही. गुटगुटीत, साडेतीन-चार किलोचं बाळ बघून घरचे पेढे वाटायला निघतात आणि इकडे नर्स त्याच्या टाचेतून रक्त घेत असते. ते रक्त घेणं गरजेचं असतं, अडवू नका.

सगळ्यांचीच बाळं मोठी होतात असंही नाही. जास्त वजनाच्या आईला गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका जास्त. बीपी वाढलं की वारेचा रक्तपुरवठा घटतो, बाळाची वाढ खुंटते, कधी महिने भरायच्या आत बाळंतपण करावं लागतं. म्हणून अंगाने भरलेल्या आईच्या पोटीही दीड-दोन किलोचं बाळ येऊ शकतं.

याशिवाय गर्भपात, बाळ पोटात दगावणं, पाठीच्या कण्यात किंवा हृदयात जन्मजात दोष, यांचा धोका जास्त वजनात थोडा वाढतो. थोडाच वाढतो. बहुतेक जास्त वजनाच्या बायकांची बाळं नीट जन्मतात, त्यामुळे हे वाचून कोणी रात्रभर जागू नये. पण कण्यातला दोष पहिल्या चार आठवड्यांतच होतो, पाळी चुकल्याचं लक्षात येण्याच्या सुमारास. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू करायची असते. जास्त वजन असेल तर डॉक्टर तिचा डोस वाढवू शकतात, म्हणून विचारून घ्या. आणखी एक अडचण असते. पोटावर चरबीचा थर जाड असेल तर सोनोग्राफीत बाळ स्पष्ट दिसत नाही आणि तपासणी दोनदा करावी लागू शकते. दुसऱ्यांदा बोलावलं म्हणजे पैसे काढतायत असंच दर वेळी नसतं.

पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत काय सापडलं

आता भारतीयांची रेघ खाली का, त्याची गोष्ट. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गावातल्या तरुण बायकांची गरोदर राहण्याआधीपासून मापं घेतली, नंतर त्यांच्या बाळांची घेतली, आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. या आया शेतात राबणाऱ्या, सडपातळ. सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. त्याच पद्धतीने इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन शहरात मोजलेली बाळं साडेतीन किलोची होती.

पण चिमट्याने कातडीखालची चरबी मोजली तेव्हा सगळे चक्रावले. आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव, सगळं इंग्रज बाळांपेक्षा बरंच लहान होतं. चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. म्हणजे दिसायला किडमिडीत, आतून चरबीचं बाळ.

हे पटवून द्यायला डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. बीएमआय सारखा, तरी चरबी दुपटीहून जास्त. म्हणून आपल्याकडे ५८ किलोची बाई "लठ्ठ कुठाय?" अशी दिसली तरी तिची साखर चढलेली असू शकते.

त्या गावांतली मुलं पुढे १८ वर्षांची झाली तेव्हाही ती बहुतेक सडपातळच होती. तरी त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त मुलग्यांची साखर नेहमीपेक्षा वर आढळली. ज्यांच्या आयांची गरोदरपणातली साखर वरच्या बाजूला होती, त्यांच्यात हे जास्त दिसलं. त्या आया लठ्ठ नव्हत्या, हे लक्षात घ्या. आता विचार करा : आजी ४२ किलोची, तिची मुलगी जन्मतः बारीक पण चरबीची, लग्नानंतर तिचं वजन ६५ झालं आणि आता ती गरोदर आहे. खेड्यापाड्यात आज नेमकी हीच पिढी बाळंत होतेय. जन्मतः मिळालेली चरबीची घडण आणि नंतर चढलेलं वजन, दोन्हींचा भार तिच्या बाळावर पडतो.

मूल मोठं झाल्यावर

आईचं वजन गरोदरपणाआधी लठ्ठपणात असेल तर मूलही लठ्ठ होण्याची शक्यता तिपटीहून जास्त असते, असं जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजणी करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. यावर कोणीही शंका काढेल, "घरात खाणंच तसं असेल, पोटातल्या दिवसांचा काय संबंध?" शंका रास्त आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पिमा नावाचे आदिवासी आहेत, त्यांच्यात मधुमेह फार. तिथे एकाच आईची दोन मुलं घेतली, एक आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेलं, दुसरं नंतर. घर एक, चूल एक, आई-बाप एक. तरी नंतरच्या मुलाचं वजन जास्त आणि त्याला मधुमेह होण्याचा धोकाही जास्त. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये याच्या उलट दिसलं. पोटाची शस्त्रक्रिया करून आईचं वजन बरंच उतरल्यानंतर जन्मलेली मुलं, तिच्याच आधीच्या मुलांपेक्षा कमी लठ्ठ निघाली. म्हणजे घरच्या खाण्याचा परिणाम आहेच, पण पोटातल्या नऊ महिन्यांचाही आहे.

दमा, अभ्यासात लक्ष न लागणं, यांचाही आईच्या वजनाशी संबंध काही अभ्यासांत दिसतो. पण तिथे इतर कारणं इतकी गुंतलेली आहेत की आईच्या वजनामुळेच झालं असं म्हणता येणार नाही. मुलाला काही त्रास झाला की सुनेच्या वजनाकडे बोट दाखवायला हा लेख वापरू नये. तिच्या ताटात काय पडतं आणि तिला घराबाहेर चालायला मोकळीक आहे का, हे बहुतेक घरांत ती एकटी ठरवत नाही.

मग करायचं काय

वजन उतरवायची खरी वेळ गरोदर राहण्याआधी आहे. ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून जास्त आणि इंग्लंडमध्ये दीड हजारांहून जास्त जाड बायकांवर मोठे प्रयोग झाले. गरोदर राहिल्यावर त्यांना आहार-व्यायामाचा सल्ला दिला. तरी महिन्यांच्या मानाने मोठी बाळं जन्मण्याचं प्रमाण कमी झालं नाही. ऑस्ट्रेलियात चार किलोहून जास्त वजनाची बाळं तेवढी कमी झाली. म्हणून लग्न झालेल्या, पहिल्या किंवा दुसऱ्या बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्याने तीन-चार महिने आधी वजन, साखर, बीपी आणि हिमोग्लोबिन बघून घ्यावं. पाच-सहा किलो उतरलं तरी फरक पडतो.

पण एकदा दिवस गेले की वजन उतरवण्याच्या मागे लागायचं नाही. उपाशी राहणं, भाकरी बंद करणं, मोबाइलवर बघून कुठली पावडर घेणं, हे बाळाला मारक आहे. या काळात वजन वाढायलाच हवं, फक्त किती ते बघायचं. आपल्या सरकारी मार्गदर्शनानुसार साधारण बाईचं नऊ महिन्यांत ९ ते ११ किलो वाढावं. अमेरिकेतल्या वैद्यकीय संस्थेच्या २००९ च्या मापानुसार आधीचा बीएमआय २५ ते ३० असेल तर ७ ते ११.५ किलो आणि ३० च्या पुढे असेल तर ५ ते ९ किलो पुरे. एका महिन्यात ३ किलोहून जास्त चढलं तर थांबू नका, दाखवा. बीपी, साखर किंवा जुळं असू शकतं. चेहरा-हात सुजणं, डोकं ठणकणं, डोळ्यापुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन लावा.

दोन जिवांचं खायचं म्हणजे नेमकं किती? गरोदर बाईला रोज ३५० उष्मांक जास्त लागतात. एक मध्यम भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ, झालं. तुपातले दोन मोठे डिंकाचे लाडू खाल्ले की हा सगळा वाटा तिथेच संपतो, आणि वर जेवण आहेच. डोहाळे जेवणाच्या दिवशी हवं ते खावं, सण आहे तो. प्रश्न रोजचा आहे. पुण्याच्या त्या सहा गावांत ज्या आयांच्या खाण्यात दूध, पालेभाजी आणि फळं होती त्यांची बाळं अंगाने बरी निघाली. नुसतं पोटभर भात-भाकरी खाण्याचा तसा फायदा दिसला नाही. मेथी, शेपू, चवळईची भाजी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दही-ताक, अंडं, चालत असेल तर मासे-मटण, आणि हंगामातलं पेरू, बोर. यातलं बरंचसं शेतात नाहीतर आठवडी बाजारात मिळतं. त्या गावांतल्या दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, दही, अंडी, मांस यांतून मिळतं. घरचं सगळं दूध डेअरीला घालून गरोदर बाईला काळा चहा, असं करू नका. आणि चहात साखर कमी.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली नसेल तर रोज अर्धा तास चालावं. घरकाम चालतं. शेतातलं जड ओझं आणि औषध फवारणी मात्र टाळावी.

साखरेची तपासणी दोनदा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त चुकणारं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं, दोन तासांनी रक्त तपासायचं. जेवून गेलात तरी चालतं, उपाशीपोटी जायची गरज नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन तासांनी आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच, दुसरी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात. पहिली चांगली आली म्हणून दुसरी सोडतात, पण साखर बहुतेक वेळा नंतरच चढते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी आशाताईंबरोबर जा आणि ही तपासणी मागून घ्या.

साखर वाढलेली निघाली तर आधी दोन आठवडे खाण्यावर. जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली नाही तर गोळी किंवा इन्सुलिन. इन्सुलिनची "सवय लागते" असं गावात म्हणतात, ते खरं नाही. बहुतेक बायकांचं बाळंतपणानंतर बंद होतं. आणि उपचाराचा फायदा मोठा आहे. ऑस्ट्रेलियात एक हजार बायकांवर झालेल्या अभ्यासात, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपचार घेतलेल्यांच्या बाळांना गंभीर इजा होण्याचं प्रमाण ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं. साखर किंवा बीपी असेल तर बाळंतपण जिथे सिझरची आणि आजारी नवजात बाळाची सोय आहे तिथेच करायचं ठरवा, आठव्या महिन्यातच.

बाळ झाल्यावर

जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावा. मध, गूळपाणी, घुटी काही नाही. जाड आईला दूध उतरायला एखाद-दोन दिवस उशीर होऊ शकतो, त्यावर लगेच "हिला दूधच नाही" म्हणून डब्याचं दूध आणू नका. वारंवार पाजत राहिलं की उतरतं. सहा महिने फक्त आईचं दूध. पुढे वरण-भात, नाचणीची पेज, अंडं, मऊ भाजी. चहात बुडवलेलं बिस्किट नको. दोन वर्षांपर्यंत मुलाला वरून साखर देऊ नये, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही म्हटलं आहे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन-उंची घ्या. वजन कमी आहे का हे आपण बघतो, पण उंचीच्या मानाने एकदम वर चाललंय का हेही ताईंना विचारा. पुण्याच्याच केईएममध्ये आठ वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात, जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी जाड अशा मुलांच्या अंगात मधुमेहाच्या वाटेवरच्या खुणा सगळ्यात जास्त दिसल्या होत्या.

आईची साखर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायची. बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीकरणाला जाल तेव्हाच हे उरकता येतं. त्यात साखर चांगली आली तरी पुढे दर वर्षी एकदा बघावी, आणि दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी नक्की.